कोंपिरा आणि कोतोहिरा : एका देवस्थानाच्या दोन नावांची पार्श्वभूमी

जपानच्या शिकोकू बेटावर झोझुसान डोंगराच्या ७८५ पायऱ्या चढून कोतोहिरा देवस्थानाच्या मुख्य मंदिरासमोर पोहोचलेल्या यात्रेकरूला आज तेथे ओमोनोनुशी या शिंतो (जपानच्या मूळ धर्मातील) दैवताचे स्थान असल्याचे सांगितले जाते. लोकांच्या तोंडी मात्र अजूनही ‘कोंपिरा-सान’ हेच नाव आहे.

कोंपिरा म्हणजे संस्कृतातील ‘कुंभीर’, अर्थात मगर. बौद्ध परंपरेत तो राजगृहाच्या गृध्रकूट डोंगराचा रक्षक यक्ष असून भैषज्यगुरू या आरोग्यदात्या बुद्धाच्या बारा सेनापतींतही त्याची गणना होते. झोझुसान या डोंगराच्या नावाचा अर्थ मात्र ‘हत्तीचे मस्तक’ असा आहे. येथील कोंपिराचा सर्वांत जुना ज्ञात उल्लेख १५७३ मधील वास्तुफलकावर आढळतो आणि त्यात देवाचे नाव डोंगरावरील बौद्ध मठाच्या नावाला जोडूनच येते. पुढे तो ‘गोंगेन’ म्हणून पूजला गेला. या शब्दाला ‘अवतार’ हा मराठी पर्याय जवळचा असला तरी पुरेसा नाही, कारण गोंगेन म्हणजे बुद्ध किंवा बोधिसत्त्वाने जपानी देवाच्या रूपाने तात्पुरते प्रकट होणे. त्यामुळे मूळ कोण आणि रूप कोणाचे, हा प्रश्न एकाच गाभाऱ्यात सुखाने अनुत्तरित राहू शकत होता.

१८६८ मध्ये जपानच्या नव्या मेइजी सरकारने शिंतो देवस्थाने बौद्ध संस्थांपासून वेगळी करण्याचे आदेश काढले आणि देवांच्या नावांतील ‘गोंगेन’सारखी बौद्ध पदे निषिद्ध ठरवली, तेव्हा हा प्रश्न टाळता येईना. देव मुळात ओमोनोनुशीच होता, कोंपिरा हे नाव त्यावर नंतर चढले, अशी भूमिका देवस्थानाने घेतली, आणि मठाच्या प्रमुखांनी स्वतःच भिक्षुपद सोडून शिंतो पुजाऱ्याचे पद स्वीकारले. १५७३ चा फलक समोर असताना हा दावा श्रद्धेचा म्हणून मान्य करता येईल, इतिहासाचा म्हणून करणे कठीण आहे. अर्थात १८६८ मध्ये दुसरे उत्तर दिले असते, तर देवस्थान हातचे गेले असते.

मठाच्या अनेक बौद्ध वस्तू विकल्या किंवा नष्ट केल्या गेल्या. तरीही ६२८व्या पायरीवरील ‘आसाही-नो-याशिरो’ हे भव्य मंदिर १८३७ मध्ये मठाचे मुख्य सभागृह म्हणूनच पूर्ण झाले होते, आणि अकरा मुखांच्या अवलोकितेश्वर या बोधिसत्त्वाची प्राचीन मूर्ती आजही देवस्थानाच्याच संग्रहालयात आहे.