पावडर हळू जळते म्हणजे थंड जळते असं नाही

ठाण्यात हल्ली एअर रायफल शिकणारी पोरं बरीच दिसतात आणि त्यांचे पालक रात्री जेवणं उरकली की अमेरिकेतल्या रायफलवाल्यांचे व्हिडिओ बघत बसतात, त्यातूनच एक वाक्य आपल्याकडे आलंय की लहान बोअरच्या, म्हणजे बॅरलचं आतलं भोक बारीक असलेल्या रायफलला हळू जळणारी पावडर, म्हणजे काडतुसातली दारू, वापरा, बॅरल जास्त टिकतं. तिकडे लोक घरीच काडतुसं भरतात, हँडलोडिंग म्हणतात त्याला, वापरलेली पितळी केस घ्यायची, नवीन प्रायमर (ठिणगी देणारी टोपी), पावडर आणि गोळी बसवायची. आपल्याकडे लायसन्सशिवाय काडतुसं बनवणं आर्म्स ॲक्ट १९५९ खाली गुन्हा आहे, त्यामुळे घोडबंदर रोडच्या टू बीएचकेमध्ये हे करायचा विषयच नाही, आणि पावडर किती भरायची वगैरे आकडे मी इथे देणारही नाहीये. पण त्या वाक्यामागचं सायन्स भारी आहे, आणि ते वाक्य अर्धंच खरं आहे.

आधी एक गैरसमज काढून टाकू. बॅरल गोळीच्या घासण्याने झिजतं असं बहुतेकांना वाटतं. थोडं झिजतंही, पण खरा मार बसतो तो गरम गॅसचा, आणि तोही एकाच जागी, जिथे केसचं तोंड संपतं आणि रायफलिंगचे आटे, म्हणजे गोळीला फिरकी देणाऱ्या खाचा, सुरू होतात तिथे. त्या भागाला थ्रोट म्हणतात. पोलाद वितळतं साधारण १५०० अंश सेल्सिअसला आणि साध्या नायट्रोसेल्युलोज (नायट्रिक ॲसिडची प्रक्रिया केलेला कापूस) पावडरचा गॅस असतो अडीच हजार अंशांच्या आसपास. मग बॅरल पहिल्याच गोळीला वितळत का नाही? कारण हा सगळा खेळ एक-दोन मिलिसेकंदांत आटपतो, तेवढ्या वेळात फक्त वरचा अगदी पातळ थर तापतो आणि आतलं थंड पोलाद लगेच ती उष्णता ओढून घेतं. पण तो पातळ थर मात्र प्रत्येक गोळीला तापतो, गार होतो, त्याची आतली रचना बदलते, फुगतो, आकसतो, आणि मग जाळीदार भेगा पडतात. रबाळे-महापेच्या एमआयडीसीत डाय कास्टिंगवाल्याला विचारा, तो डायवरच्या अशा भेगांना हीट चेकिंग म्हणेल, तोच हा प्रकार. वर आणखी एक गंमत, गॅसमध्ये कार्बन मोनॉक्साइड भरपूर असतो, त्यातला कार्बन लोखंडात शिरतो, आणि कार्बन शिरलेलं लोखंड लवकर वितळतं, ४.३ टक्क्यांपर्यंत गेला तर ११४७ अंशांनाच. म्हणजे गॅस नुसता तापवत नाही, पोलादाचा वितळणबिंदूही खाली आणतो. मग भेगांचे कोपरे वितळून गॅसबरोबर वाहून जातात.

याचा सगळ्यात चांगला पुरावा इतिहासातच आहे. १८८४ साली फ्रान्समध्ये पॉल व्हिएय याने धूर न करणारी पावडर बनवली, पाच वर्षांत ब्रिटिशांनी कॉर्डाइट आणलं, त्यात ५८ टक्के नायट्रोग्लिसरीन, ३७ टक्के गनकॉटन (जास्त नायट्रोजनचं नायट्रोसेल्युलोज) आणि ५ टक्के चक्क व्हॅसलिन. त्यांची ली-मेटफर्ड रायफल काळ्या दारूसाठी केलेली, आटे उथळ आणि गोलसर, कॉर्डाइटसमोर ते टिकेनात म्हणून १८९५ ला खोल, काटकोनी आट्यांचं एनफिल्ड बॅरल आलं. तरीही बॅरलं आणि तोफा खाल्ल्या जातच होत्या. शेवटी १९०१ मध्ये त्यांनी पावडरच बदलली, नायट्रोग्लिसरीन ३० टक्क्यांवर आणलं, गनकॉटन ६५ टक्के केलं, आणि झीज बरीच कमी झाली. इथे काय बदललं ते नीट बघा. जळण्याचा वेग हा मुद्दाच नव्हता, ज्योतीचं तापमान कमी केलं गेलं.

आता हळू म्हणजे नक्की काय. पावडर हे नाव फसवं आहे, ते बारीक दाणे असतात, नळीसारखे, चकतीसारखे किंवा गोळ्यांसारखे, आणि प्रत्येक दाणा बाहेरून आत जळत जातो. किती वेगाने, ते प्रेशरवर ठरतं, प्रेशर वाढलं की जळणं वाढतं, त्याने परत प्रेशर वाढतं, हे चक्र हाताबाहेर जाऊ नये म्हणून दाणा मोठा ठेवतात, मधे भोक पाडतात म्हणजे बाहेरचा पृष्ठभाग घटतो तसा आतला वाढतो, आणि वरून डिटरंटचा लेप देतात जो सुरुवातीचं जळणं दाबून धरतो. म्हणजे हळूपणा हा मुख्यतः आकार आणि लेपाचा मामला, आणि गरमपणा रसायनाचा, नायट्रोग्लिसरीन किती, नायट्रोसेल्युलोजमध्ये नायट्रोजन किती. दोन वेगळी बटणं आहेत ही. मधे थोडासा धागा आहे, डिटरंट स्वतः थंडावा देतो म्हणून भरपूर लेप असलेली पावडर थोडी कमी गरम असू शकते, आणि बहुतेक त्यातूनच ते वाक्य जन्माला आलं असावं असं मला वाटतं.

मग लहान बोअरलाच हा त्रास का? घोडबंदर रोडच्या सगळ्या लेन गायमुखच्या घाटात घुसताना काय होतं ते ठाणेकराला सांगायला नको, इथेही मागे केस मोठी आणि पुढे भोक बारीक असलं की सगळा गॅस त्याच बोळातून जातो. .३०८ विंचेस्टर या काडतुसाच्या बोअरचं क्षेत्रफळ साधारण ४८ चौरस मिलिमीटर, .२२३ रेमिंग्टनसारख्या .२२ बोअरच्या मोठ्या काडतुसांचं २५. .२२३ रेमिंग्टनची केस .३०८ च्या जवळपास निम्मी आहे, म्हणजे दर चौरस मिलिमीटरला पावडर साधारण सारखीच पडते आणि दोन्ही बॅरलं हजारो गोळ्या निवांत खातात. पण १९३५ ची .२२० स्विफ्ट घ्या, भोक .२२३ एवढंच पण केस दीडपटीहून मोठी, गोळी सेकंदाला १२०० मीटरच्या वर जाते आणि थ्रोट खाण्यात तिचं नाव तेव्हापासून बदनाम. बॅरल किती टिकेल हे आधी केस आणि बोअरच्या या गुणोत्तरावर ठरतं, पावडरचा डबा नंतर येतो.

आणि अशा मोठ्या केसला वेगाने जळणारी पावडर भरताच येत नाही, गोळी हलायच्या आत प्रेशर जीवघेणं होईल. हळू पावडर तिथे नाइलाज आहे. तिचा फायदा असा की गोळी पुढे सरकत असताना गॅस तयार होत राहतो, त्यामुळे तेवढाच वेग थोड्या कमी पीक प्रेशरमध्ये मिळू शकतो. तोटा असा की ती जास्त भरावी लागते. जास्त पावडर म्हणजे जास्त गॅस, जास्त एकूण उष्णता, तीही त्याच थ्रोटमधून. हे दोन परिणाम एकमेकांच्या विरुद्ध ओढतात म्हणून नुसती हळू पावडर घेऊन केस गच्च भरली आणि वेग कमाल काढला तर बॅरलला काहीही वाचत नाही, उलट जास्त खाल्लं जाईल. बॅरल वाचतं ते हळू पावडर घेऊन वेगाची हाव थोडी कमी केली तर, आणि त्यातही सिंगल बेस, म्हणजे नायट्रोग्लिसरीन नसलेली घेतली तर. फिनलंडच्या व्हिटाव्हुओरी या पावडर कंपनीकडे हा फरक सरळ नंबरात आहे, एन १०० सिरीज सिंगल बेस, एन ५०० मध्ये नायट्रोग्लिसरीन. एन ५०० वाले थोडा जास्त वेग मिळवतात, किंमत थ्रोट देतो.

आपल्या पोरांना यातलं काहीच लागू नाही बरं का. एअर रायफलमध्ये आगच नाही, आणि २०२४ ला पॅरिसमध्ये कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळेने ५० मीटर थ्री पोझिशनमध्ये ब्राँझ आणलं ते .२२ लाँग रायफल या छोट्या काडतुसावर. तिथे पावडर चिमूटभर, गोळी मऊ शिशाची, कमाल प्रेशर २४ हजार पीएसआय आणि .२२३ चं ५५ हजार, त्यामुळे ते बॅरल वर्षानुवर्षं चालतं.

आणि एक गोष्ट जी पावडरपेक्षाही जास्त परिणाम करते पण कोणी फारसं बोलत नाही कारण त्यात विकत घेण्यासारखं काही नाही, ती म्हणजे मधे थांबणं. दहा गोळ्या धडाधड मारल्या तर बॅरल आधीच तापलेलं असतं, आतलं पोलाद उष्णता तेवढी पटकन ओढून घेत नाही, आणि वरचा थर जास्त वेळ गरम राहतो. हात लावून चटका बसत असेल तर थांबायचं, मग डब्यात कुठलीही पावडर असो. थ्रोट गेलाच तरी पुढचे आटे बहुतेक वेळा चांगले असतात, म्हणून तिकडचे गनस्मिथ लांबी पुरेशी असली तर बॅरल मागच्या बाजूने दोन-तीन सेंटीमीटर कापतात, नवीन चेंबर (काडतूस बसायची जागा) पाडतात आणि परत बसवून देतात.