गाडी लावण्याआधी आम्ही यादी का मागतो?

आम्ही कंपन्यांचा माल गोदामात ठेवतो आणि गाडीने पोचवतो. रबाळे, महापे, तळोजा, वागळे इस्टेट, कुठल्याही एमआयडीसीतली कंपनी असो, मागणी साधारण एकच असते: "सप्लायरचा माल तुमच्या गोदामात ठेवा, आमच्या प्रॉडक्शन लाइनला रोज लागेल तेवढा पोचवा. सोमवारपासून सुरू करू." सोमवारपासून आम्ही सुरू करत नाही. आधी आयटम कोड (प्रत्येक वस्तूचा ठरलेला नंबर) आणि युनिट (नग की बॉक्स) यांची यादी मागतो, तीही सप्लायर आणि कंपनी दोघांच्या सहीची. यावर काहीजण नाराज होतात.

होतं काय, ते बघा. पीओत, म्हणजे कंपनीच्या खरेदी ऑर्डरीत, असतात १,००० नग, चलानवर १० बॉक्स. गेटवर स्टोअर्सवाले म्हणतात, जुळत नाही, जीआरएन, म्हणजे माल मिळाल्याची नोंद, अडकते. माल आवारात, सिस्टीममध्ये स्टॉक शून्य! मग सिस्टीम आपणहून दुसरी ऑर्डर सोडते. सप्लायरला वाटतं मागणी वाढली. तो कच्चा माल उचलतो, ओव्हरटाइम लावतो, आणि पुढच्या महिन्यात ऑर्डरच येत नाही. खपापेक्षा ऑर्डरीच जास्त हलतात, हे प्रॉक्टर अँड गॅम्बललाही पॅम्पर्स डायपरच्या बाबतीत दिसलं होतं. डायपरचा खप जवळपास स्थिर, ऑर्डरी मात्र वर-खाली. आपल्याकडे निम्मा घोळ कोड आणि युनिटचाच असतो, असं आमचं मत.

ई-वे बिलात (माल गाडीने नेताना लागणारा जीएसटीचा ऑनलाइन कागद) चुकीचं युनिट गेलं तर ते दुरुस्त होत नाही. २४ तासांच्या आत रद्द करून नवं काढायचं, तोवर गाडी उभी.

"यादी परचेस डिपार्टमेंटने दिलीय ना?" दिलेली असते, पण बऱ्याचदा जुनी. गेटवरचा स्टोअर्सचा माणूस आणि सप्लायरचा डिस्पॅचवाला, या दोघांना एकदा समोरासमोर बसवा. साहेबांच्या बैठकीत सगळं ठरतं, पण बॉक्समध्ये शंभर नग की नव्वद, हे या दोघांनाच माहीत असतं. पुढे पॅकिंग बदललं तर माल निघण्याआधी आम्हाला कळवा, नंतर नको.

पैशाचंही आधीच बोला. माल गोदामात सप्लायरच्या पैशाने पडून राहणार असेल, तर बिल कधी धरायचं, पोचल्यावर की वापरल्यावर? सप्लायर सूक्ष्म किंवा लघु उद्योग म्हणून नोंदलेला असेल, तर २००६ च्या कायद्याप्रमाणे करार काहीही असला तरी ४५ दिवसांपलीकडे पेमेंट लांबवता येत नाही.

यादीचा कोरा नमुना आमच्या रबाळ्याच्या गोदामात मिळतो, पहिल्या बैठकीचे पैसे घेत नाही. येताना दोन्ही बाजूंच्या अलीकडच्या चलानांच्या झेरॉक्स आणा.