फवारणीचा पंप आणि त्याचं इंजिन (देखभाल आणि दुरुस्ती)

फवारणीचा पंप म्हणजे औषधाच्या पाण्याला दाब देऊन नोझलमधून ते धुक्यासारखं बारीक करून पिकावर टाकणारं यंत्र, आणि लाईटच्या भरवशावर राहायला लागू नये म्हणून त्याला जोडलेलं असतं छोटं पेट्रोल इंजिन. सांगली-साताऱ्याकडं याचे दोन प्रकार घरोघरी दिसतात. एक पाठीवरचा पंप, त्याचं इंजिन बऱ्याचदा टू-स्ट्रोक. दुसरा एचटीपी, म्हणजे तीन पिस्टनचा आडवा पंप, लोखंडी फ्रेमवर इंजिनशेजारी बसवलेला आणि पट्ट्यावर फिरणारा, तो बांधावर ठेवायचा आणि लांबलचक पाईप ओढत गननं औषध मारायचं. तासगाव-मिरजेकडची द्राक्षं, कोरेगावकडचं आलं, महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी, सगळीकडं फवारणी आहेच. मोठ्या बागांत आता ट्रॅक्टरचे ब्लोअर आलेत, पण पाऊस होऊन रान चिखल झालं की ट्रॅक्टर रुततो आणि मग कोपऱ्यात पडलेल्या एचटीपीची आठवण होते. आणि नेमका तेव्हाच तो चालू होत नाही, कारण गेल्या हंगामातलं पेट्रोल त्यात तसंच असतं.

खरं सांगायचं तर मिस्त्रीकडं येणाऱ्या बऱ्याच पंपांत मोडलेलं असं काही नसतंच, आत काहीतरी राहिलेलं असतं. इंजिनात जुनं पेट्रोल, पंपात जुनं औषध.

पेट्रोल पंपावरच्या पेट्रोलमध्ये आता २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. ऊस आपला, कारखाना आपला, त्याचं इथेनॉलही आपलंच, पण ते हवेतलं पाणी ओढून घेतं आणि पाणी जास्त झालं की वेगळं होऊन तळाशी बसतं. पेट्रोलचा हलका भाग उडून जातो, उरलेला चिकट होऊन कार्बोरेटरच्या जेटमध्ये बसतो. जेटचं भोक सुईच्या टोकाएवढं, त्याला बुजायला कितीसा वेळ लागतोय. अशा वेळी इंजिन फक्त चोकवर (म्हणजे हवेची वाट दाबून) चालतं आणि चोक उघडला की बंद पडतं, ही खूण पक्की. कार्बोरेटरची खालची वाटी सोडवायची, जेट काढून स्वच्छ पेट्रोलनं धुवायचा, हवा मारायची. तार घालून भोक मोठं करायचं नाही, नाहीतर पेट्रोल जास्त जातं, धूर येतो आणि प्लग काळा पडतो.

प्लग काढला की निम्मी कहाणी कळते. ओला असेल तर पेट्रोल येतंय पण जळत नाही, कोरडा असेल तर पेट्रोलच पोचत नाही, काळा काजळलेला असेल तर आधी एअर फिल्टर बघा. फोमचा फिल्टर साबणाच्या पाण्यात धुऊन वाळवून थोडं ऑईल लावून पिळून बसवायचा, कागदाचा मात्र धुवायचा नाही. प्लगची फट साधारण ०.७ मिलिमीटर.

आमच्या एचटीपीनं एकदा लई छळलं. ऑक्टोबर छाटणी झालेली, रात्री पाऊस झाला, डाऊनी (द्राक्षावरचा बुरशीचा रोग) यायच्या आत औषध मारायचं म्हणून पहाटेच बागेत गेलो तर इंजिन झकास चालू व्हायचं आणि दहा मिनिटांत धापा टाकत बंद पडायचं, थोडं थांबलं की परत चालू. प्लग बदलला, कार्बोरेटर दोनदा खोलला, मिस्त्रीला फोन केला. तो म्हणाला, टाकीचं टोपण ढिलं करून बघा. टोपण फिरवलं तर फुस्स करून हवा आत गेली. टोपणाचं हवेचं भोक धुळीनं बुजलं होतं, त्यामुळं पेट्रोल जसं खाली जाईल तशी टाकीत पोकळी होऊन पुढचं पेट्रोल उतरायचं बंद व्हायचं. एवढंच.

फोर-स्ट्रोकचं ऑईल वेगळं भरायचं, टू-स्ट्रोकचं पेट्रोलमध्ये मिसळायचं. एक लिटरला २० ते ४० मिली, नेमकं किती ते टाकीवर किंवा पुस्तकात दिलेलं असतं. हे विसरून कोणी नुसतं पेट्रोल भरलं तर पिस्टन जाम, मग खर्च मोठा. काही फोर-स्ट्रोक इंजिनांत ऑईल कमी झालं की करंट आपोआप बंद होतो, उतारावर तिरकं ठेवलं तरी तसंच होतं, म्हणून प्लगला ठिणगी नसली की कॉईलला दोष द्यायच्या आधी इंजिन सपाट जागी ठेवून ऑईल बघा. रॉकेलवर चालणारी जुनी इंजिनं अजून काही ठिकाणी आहेत. ती पेट्रोलवर चालू करून तापली की रॉकेलवर घ्यायची, आणि बंद करायच्या आधी परत पेट्रोलवर आणायची, नाहीतर वाटीत रॉकेल राहतं आणि दुसऱ्या दिवशी रस्सी ओढून खांदा निखळतो.

आता पंप. पाणी उचलत नसेल तर आधी ओढणारी बाजू बघायची: जाळी बुजली का, पाईपचा क्लॅम्प ढिला आहे का, वायसर आहे का. पाईपला केसाएवढी चीर असली तरी पंप हवा धरतो. दाब दाखवणाऱ्या गेजचा काटा थरथरतोय आणि गन झटके देतेय म्हणजे हवा जातेय किंवा एखाद्या व्हॉल्व्हखाली कचरा अडकलाय. काटा एकसारखा पण खालीच असेल तर पट्टा ढिला, दाब कमी-जास्त करणाऱ्या रेग्युलेटरची सीट झिजलेली, नाहीतर नोझल मोठं झालेलं. नोझलचं पाणी मिनिटभर मापात धरा, नव्यापेक्षा दहा टक्के जास्त आलं तर बदलून टाका. बुजलेलं नोझल जुन्या ब्रशनं साफ करायचं, तोंडानं फुंकायचं अजिबात नाही, आत विष असतं.

पंपाला पितळी ग्रीस कप असतात ते चालू कामात दर दोन-तीन तासांनी थोडे पिळायचे. पंपातलं ऑईल दुधासारखं पांढरं झालं तर सील गेलंय आणि पाणी आत शिरतंय. बोर्डो, म्हणजे मोरचूद आणि चुन्याचं औषध, मारून झाल्यावर तर पंप धुवायलाच लागतोय, मोरचूद लोखंड खातं आणि चुन्याची कचकच पॅकिंग झिजवते. चुना गाळूनच टाकीत ओता. शेवटी पाच मिनिटं साधं पाणी फिरवायचं, गनमधून आणि जादा पाणी परत टाकीत सोडणाऱ्या रिटर्न पाईपमधूनही.

हंगाम संपला की पेट्रोलचा कॉक बंद करून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवायचं आणि टाकी रिकामी करायची. पंपातलं पाणी पूर्ण काढायचं. प्लग काढून भोकात चमचाभर ऑईल टाकायचं, रस्सी दोन-तीनदा हळू ओढायची आणि प्लग परत बसवायचा. मग रस्सी परत सावकाश ओढायची, जड लागली की तिथंच सोडायची, म्हणजे फोर-स्ट्रोकचे दोन्ही व्हॉल्व्ह मिटलेले राहतात आणि पावसाळ्याची दमट हवा आत जात नाही.