बेस वर गेला, तर खाली कोण? घरगुती रेकॉर्डिंगमधल्या लीड बेसची पार्श्वभूमी

बेस गिटारवर मुख्य चाल वाजवायची, बाकीची वाद्यं तिच्या साथीला ठेवायची आणि हे सगळं एकट्याने घरच्या खोलीत रेकॉर्ड करायचं, यात आता कोणाला नवल वाटत नाही. पण अशा प्रत्येक रेकॉर्डिंगमध्ये एक जुना प्रश्न हमखास समोर येतो. बेस चाल घेऊन वर गेला, तर खालचा खर्ज कोणी धरायचा? की धरायचाच नाही? वाजवणाऱ्याच्या तयारीने याचं उत्तर फारसं बदलत नाही. ते बदलत गेलं रेकॉर्डिंगच्या साधनांबरोबर, आणि त्यातही घरात शिरलेल्या साधनांबरोबर.

खर्जाच्या वाद्याने पुढे येऊन गाणं ही काही इलेक्ट्रिक बेसची देणगी नव्हे. एकोणिसाव्या शतकातले डबल बेसचे, म्हणजे उभं धरून वाजवायच्या खर्जाच्या मोठ्या तंतुवाद्याचे, एकलवादक तारा एक पूर्ण स्वर चढवून एफ शार्प, बी, ई, ए अशा लावत, म्हणजे नाद उजळ होऊन साथीतून वर यायचा. 1939-40 मध्ये अमेरिकेतल्या एका नावाजलेल्या जाझ वाद्यवृंदातल्या तरुण बेसवादकाने फक्त पियानोला बरोबर घेऊन रेकॉर्डिंग केलं आणि बेसचा सोलो जाझमध्ये रुळला. इलेक्ट्रिक बेसचा जन्म मात्र एका साध्या अडचणीतून झाला: बेस कोणालाच ऐकू जात नव्हता. 1936 च्या सुमाराला सिएटलमध्ये फ्रेट, म्हणजे मानेवर सुरांच्या जागी बसवलेल्या धातूच्या पट्ट्या, असलेला इलेक्ट्रिक बेस तयार झाला होता, पण त्याने मूळ धरलं नाही. टिकला तो 1951 मध्ये कॅलिफोर्नियातल्या फुलर्टन इथे, रेडिओ दुरुस्तीतून वाद्यांकडे वळलेल्या एका कारागिराने आणलेला. 34 इंचांची तार, चार तारा, वीस फ्रेट. फ्रेटमुळे सूर नेमका लागतो, म्हणून नावच ‘प्रिसिजन’.

या वाद्याची सर्वांत खालची मोकळी ई तार 41 हर्ट्झवर (सेकंदाला 41 कंपनं) बोलते, गिटारच्या सर्वांत खालच्या ई तारेच्या बरोबर एक सप्तक खाली. पण वरच्या जी तारेचा बाराव्या ते विसाव्या फ्रेटचा पट्टा बघा: 196 ते 311 हर्ट्झ. पुरुषाचा आवाज गाताना जिथे भरात येतो, तीच ही जागा. म्हणजे चाल गाण्याजोगं घर वाद्यात पहिल्या दिवसापासून होतं. तिथे राहायला जायचं कारणच नव्हतं.

1956 मध्ये गिटारच्या एक सप्तक खाली लावलेला सहा तारांचा बेस आला. नॅशव्हिलच्या स्टुडिओंत तो डबल बेसच्याच स्वरांवर, तळहाताने तारा दाबून, प्लेक्ट्रमने (नखीने) वाजवला जाई. त्या टकटक आवाजामुळे त्याला ‘टिक-टॅक’ म्हणत. भारदस्तपणा डबल बेसचा, ठोका सहा तारांच्या बेसचा. एकाच ओळीवर दोन बेस ठेवायची ही पद्धत पुढे फार महत्त्वाची ठरली. जाता जाता एक खुलासा: 1975 मध्ये बनलेला आणि बी, ई, ए, डी, जी, सी असा लावलेला बेसही ‘सहा तारांचा बेस’च म्हणवतो. पहिला गिटारचा खालचा भाऊ, तर दुसरा मूळ बेसच दोन्ही टोकांना वाढवलेला. जुन्या रेकॉर्डिंगची वर्णनं वाचताना ही गल्लत सतत होते.

साठच्या दशकात तीन गोष्टी घडल्या. एक, डेट्रॉइटमधल्या एका स्टुडिओत बेस अँपसमोर (अँप्लिफायरसमोर) माइक न ठेवता सरळ मिक्सरला जोडू लागले. घरगुती रेकॉर्डिंगचं बीज मला इथेच दिसतं, कारण खोलीच्या गुणदोषांशी बेसचा संबंध त्या क्षणी तुटला. दुसरी गोष्ट तारांची. गुळगुळीत पट्टी गुंडाळलेल्या तारांऐवजी गोल तार गुंडाळलेल्या तारा आल्या आणि बेसला पियानोसारखी धार मिळाली. तिसरी, रेकॉर्डवरच्या खर्जाची भीती कमी झाली. खर्ज जोरात कोरला तर सुई खोबणीतून उडेल, म्हणून तो दाबून ठेवायची रीत होती. 1965 मध्ये इंग्लंडमधल्या एका रॉक रेकॉर्डवर सोलोची जागा गिटारऐवजी बेसने घेतली. 1966 मध्ये लंडनमधल्या एका स्टुडिओने बेससाठी चक्क लाउडस्पीकर उलटा जोडून माइक म्हणून वापरला.

‘लीड’ हा शब्दही याच काळात घट्ट झाला, आणि तो गिटारकडून उसना आलेला आहे. बँडमध्ये लीड म्हणजे साथीच्या, रिदम गिटारच्या समोरचा. त्या अर्थाने बेस कधीच लीड नव्हता. घरगुती रेकॉर्डिंगमध्ये मात्र या शब्दाचे तीन अर्थ एकमेकांत मिसळतात: चाल वाजवणारा, वरच्या पट्टीत वाजवणारा आणि मिक्समध्ये सर्वांत पुढे ठेवलेला. यातला पहिलाच अर्थ खरा. खालच्या ई तारेवर, हळू आवाजात वाजणारी चालही लीड असू शकते. बाकीच्यांनी तिला वाट द्यायला हवी, इतकंच.

सत्तरच्या दशकातली कर्तबगारी सर्वपरिचित आहे. अंगठ्याने तार ठोकायची पद्धत रुजवणारा वादक सॅन फ्रान्सिस्को परिसरात आईबरोबर वाजवत असे. त्या जोडीत ड्रमर नव्हता, म्हणून अंगठा झाला बेस ड्रम आणि ओढलेली तार झाली स्नेअर, म्हणजे कडक आवाजाचा ड्रम. एक सप्तक वर लावलेला पिकोलो बेस याच दशकाच्या सुरुवातीचा. 1976 मध्ये निघालेल्या एका जाझ अल्बमची सुरुवात तर फ्रेट नसलेल्या बेसने बीबॉप या वेगवान जाझ शैलीतली अवघड चाल वाजवून होते आणि साथीला फक्त काँगा, म्हणजे हाताने वाजवायचे ड्रम, असतात. खाली कोणीही नाही. तो ट्रॅक ऐकताना ती उणीव एकदाही जाणवत नाही, हे या चर्चेत पुन्हा पुन्हा आठवायला हवं.

खरा बदल घडला 1979 मध्ये, साध्या कॅसेटवर चार ट्रॅक, म्हणजे वेगवेगळ्या वाद्यांचे स्वतंत्र पट्टे, भरणारं यंत्र आलं तेव्हा. मिक्सर आणि टेप एकाच पेटीत. कॅसेट नेहमीच्या दुप्पट वेगाने, सेकंदाला साडेनऊ सेंटिमीटर, आणि एकाच दिशेने धावे. टेपची रुंदी चार मिलिमीटरही नाही आणि तिच्यावर शेजारी शेजारी चार ट्रॅक. या अरुंद जागेने बेसवादकाला बरंच शिकवलं. खर्जाचा आवाज शेजारच्या ट्रॅकमध्ये झिरपतो, त्यामुळे बेस जोरात भरला तर बाजूच्या शांत गिटारमागे त्याची गुणगुण ऐकू येई. चारांपेक्षा जास्त वाद्यं हवी असतील तर पहिले तीन ट्रॅक मिसळून चौथ्यावर उतरवायचे आणि मोकळे झालेले तीन पुन्हा वापरायचे. याला बाउन्स म्हणत. प्रत्येक बाउन्समध्ये वरची झळाळी थोडी मरे आणि टेपची खरखर वाढे. साथीच्या बेसला ते चालून जाई. चाल वाजवणाऱ्या बेसची मात्र सगळी ओळख तारेवर बोट घासण्यात, फ्रेटच्या टकटकीत, स्वराच्या सुरुवातीच्या धारेत असते, आणि बाउन्समध्ये पहिल्यांदा तेच जातं. म्हणून लीड बेस सर्वांत शेवटी, स्वतःच्या ट्रॅकवर, अजिबात बाउन्स न करता भरायचा, हा क्रम योग्य ठरला. नेहमीची रीत होती ती ड्रम, मग बेस, मग बाकीचे अशी. ती इथे उलटी झाली. बेस शेवटी आला, की तो आपोआप बाकीच्यांना ऐकून वाजवला जातो. पायाच्या दगडाने कळसाकडे बघावं तसं.

त्याच सुमारास मँचेस्टरच्या एका बँडमधला बेसवादक चाल वरच्या फ्रेटवर वाजवू लागला होता. कारण अगदी व्यावहारिक होतं. त्याचं साहित्य इतकं सुमार दर्जाचं होतं, की गिटारच्या गदारोळात खालचे स्वर त्याला स्वतःलाच ऐकू येत नसत, वर गेलं की ऐकू येत. त्या ध्वनीची छाप पुढे कितीतरी जणांच्या रेकॉर्डिंगवर पडली. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला एकट्या वादकाला साथ मिळावी म्हणून बनवलेलं टीबी-303 हे बेसयंत्रही आलं. त्याआधीच, 1980 मध्ये, आलेल्या टीआर-808 या ड्रमयंत्राचा बेस ड्रम इतका खोल आणि लांब घुमे, की पुढे हिप-हॉपमध्ये तोच बेसच्या जागी बसला. खालचा मजला सांभाळायला माणूस लागेना.

मग खाली दुसरा बेस ठेवायचा की नाही? हा वाद अजून मिटलेला नाही. एका बाजूचं म्हणणं असं, की ऐकणाऱ्याचा कान खालच्या स्वरावरून सुरावट ओळखतो. खाली कोणी नसेल तर वरची चाल अधांतरी वाटते. म्हणून एक साधा, संथ बेस खाली भरावा, नॅशव्हिलच्या त्या जोडीसारखा. यात तथ्य आहे, आणि नव्याने रेकॉर्ड करणारे बहुतेक जण याच वाटेने जातात.

दुसरी बाजू मला जास्त पटते. खालचा मोठा आवाज वरच्या आवाजाला झाकतो, पण वरचा आवाज खालच्याला तितका झाकत नाही. कानाची घडणच तशी आहे. त्यामुळे दोन बेस एकत्र वाजले, की गिळला जातो तो लीड. मग तो ऐकू यावा म्हणून वाढवायचा, त्यामुळे सगळाच खर्ज फुगतो, म्हणून दोघांचाही खालचा भाग कापायचा, आणि शेवटी हातात दोन पातळ बेस उरतात. शिवाय सूर जरासा हलला तरी ठोके पडतात. एक ए तार 55 हर्ट्झवर आणि दुसरी साडेपंचावन्नवर असेल, तर दर दोन सेकंदांनी आवाज फुगतो आणि ओसरतो. वादकाला वाटतं हात असमान पडतोय. हात बिचारा नीट असतो.

तिसरी वाट वाद्यातच आहे. एकच बेस चाल आणि आधार दोन्ही वाजवतो, फक्त स्वरांमधलं अंतर राखावं लागतं. ई तारेच्या तिसऱ्या फ्रेटवरचा जी, 49 हर्ट्झचा, आणि ए तारेच्या दुसऱ्या फ्रेटवरचा बी, 62 हर्ट्झचा, एकत्र छेडून बघा. नुसती घरघर ऐकू येते. तोच बी एक सप्तक वर, जी तारेच्या चौथ्या फ्रेटवर घेतला, की दोन्ही स्वर स्वच्छ वेगळे होतात आणि मेजर कॉर्डचा रंग लगेच उभा राहतो. स्वर तोच, जागा बदलली. दुसरा बेस भरायच्या आधी इतकं तरी करून बघावं.

घराच्या खोलीनेही या वादात नकळत बाजू घेतली. 41 हर्ट्झच्या स्वराची लहर आठ मीटरांहून लांब असते. चार मीटर लांबीच्या खोलीचा पहिला घुमारा 43 हर्ट्झच्या आसपास येतो, म्हणजे मोकळ्या ई तारेच्या शेजारच्या एफवरच. त्या खोलीत स्पीकरवर मिक्स करणाऱ्याला तो एक स्वर राक्षसी वाटतो आणि बसायची जागा बदलली की नाहीसा होतो. 1933 मध्ये प्रसिद्ध झालेल्या श्रवणाच्या आलेखांनी दाखवून दिलंच होतं, की आवाज हळू ठेवला की कानाला खर्ज आणखी कमी ऐकू येतो. रात्री हळू आवाजात मिक्स केलेलं रेकॉर्डिंग दिवसा मोठ्याने लावलं की अंगावर येतं, ते यामुळे. अशा खोलीत दोन बेस तोलणं म्हणजे अंधारात वजन करणं. एक बेस तोलणंच पुरेसं कठीण आहे.

संगणकावर ट्रॅकची मर्यादा उरली नाही, पण ऐकणारा फोनच्या स्पीकरवर आला, आणि तो स्पीकर 41 काय, 200 हर्ट्झही धड वाजवत नाही. तरीही खालचा स्वर ओळखू येतो, कारण मूळ स्वराबरोबर आपोआप उमटणारे वरचे उपस्वर शाबूत असले तर कान मूळ स्वर स्वतः भरून काढतो. त्यामुळे सध्याची प्रचलित पद्धत अशी: एकदाच वाजवलेल्या बेसच्या दोन प्रती करायच्या. एका प्रतीचा दीडशे-दोनशे हर्ट्झच्या खालचा भाग तेवढा ठेवून त्याला हात लावायचा नाही. दुसऱ्या प्रतीचा खालचा भाग कापून तिला डिस्टॉर्शन द्यायचं, म्हणजे तिचा आवाज मुद्दाम खरखरीत करायचा, हवं तर एक सप्तक वर चढवायचं. 2010 च्या दशकात फक्त बेस आणि ड्रमवर उभ्या राहिलेल्या इंग्लंडमधल्या एका जोडीने एका बेसचा आवाज असाच विभागून अनेक अँपमधून वाजवला होता. या पद्धतीत दोन्ही प्रती एकाच हातातून आलेल्या असतात, त्यामुळे सूर हलायचा प्रश्न येत नाही. जपायचं ते एवढंच, की डिस्टॉर्शनच्या प्लगइनने (रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरला जोडलेल्या छोट्या प्रोग्रामने) एक प्रत काही मिलिसेकंद मागे पडू देऊ नये. ती मागे पडली, की दोन प्रती जिथे एकमेकींना भेटतात तिथेच आवाज पोकळ होतो.