चर्चमधली बंदूक: आधी सक्ती, मग बंदी, मग हक्क

कमरेला पिस्तूल लावून रविवारच्या उपासनेला येणारा टेक्सासचा पुराणमतवादी ख्रिस्ती हा आपला घटनेने दिलेला हक्क मानतो. अमेरिकेच्या भूमीवरचा याबाबतचा सुरुवातीचा नियम मात्र सक्तीचा होता.

1619 मध्ये जेम्सटाउनला भरलेल्या व्हर्जिनिया या इंग्रज वसाहतीच्या पहिल्या विधानसभेने ठरवले, की रविवारी सकाळी आणि दुपारी, दोन्ही उपासनांना सर्वांनी हजर राहायचे आणि हत्यार बाळगणाऱ्यांनी बंदूक, तलवार, दारू-गोळी सोबत आणायची. चुकला तर दर खेपेला 3 शिलिंग दंड, तोही चर्चच्या खात्यात. मुद्दाम मालकाचे न ऐकणाऱ्या नोकराला शारीरिक शिक्षा. हजेरी आणि हत्यार एकाच कलमात! बळकावलेल्या जमिनीवर वसलेली सगळी वस्ती त्या वेळी एका छपराखाली गोळा व्हायची. मूळ रहिवाशांच्या हल्ल्याची धास्ती असायचीच.

दक्षिणेत ही धास्ती गुलामांची होती. रविवारी त्यांना कामातून सवड मिळे आणि मालक चर्चमध्ये असत. 9 सप्टेंबर 1739 ला, रविवारीच, दक्षिण कॅरोलायनात स्टोनो नदीकाठी बंड झाले. 1743 च्या कायद्याने गोऱ्या पुरुषांना चर्चला येताना बंदूक किंवा पिस्तुलांची जोडी आणि किमान 6 बारांची दारू-गोळी आणणे बंधनकारक केले. 1770 मध्ये जॉर्जियानेही तेच केले. ‘गोऱ्या’ हा शब्द वगळून हे कायदे चर्चमध्ये बंदूक नेण्याच्या हक्काचा पुरावा म्हणून वापरणे अप्रामाणिकपणाचे आहे.

यादवी युद्धानंतर चक्र उलटे फिरले. 1870 मध्ये जॉर्जिया आणि टेक्सास, दोघांनीही प्रार्थनास्थळी पिस्तूल नेण्यावर बंदी घातली.

हक्काची भाषा जोरात आली ती 1970 च्या दशकाच्या अखेरीस. 1977 च्या सिनसिनाटी अधिवेशनात नॅशनल रायफल असोसिएशन ही बंदूकधारकांची संघटना बंदूक-हक्कवाद्यांच्या कडव्या गटाच्या हाती गेली. 1979 मध्ये ‘मॉरल मेजॉरिटी’ ही पुराणमतवादी ख्रिस्त्यांची राजकीय संघटना उभी राहिली. आधाराला बायबलमधले लूक 22:36 हे वचन असते: तलवार नसेल त्याने झगा विकून ती घ्यावी. दोनच वचनांनी पुढे शिष्य दोन तलवारी दाखवतात, तेव्हा येशू ‘पुरे’ म्हणतो, आणि मत्तय 26:52 मध्ये तलवार म्यान करायला सांगतो. एकत्र जमणे सोडू नका, हे इब्री 10:25 चे वचन तितकेच काटेकोरपणे पाळणारे आमिश आणि जुन्या वळणाचे मेनोनाइट या ख्रिस्ती पंथांचे लोक माणसावर शस्त्र उचलत नाहीत.

टेक्सासमध्ये गोंधळ कायद्याच्या शब्दांत होता. एका पोटकलमात चर्चमध्ये बंदी, दुसऱ्यात चर्चने सूचना दिली असेल तरच ती लागू. सदरलँड स्प्रिंग्जच्या चर्चमधल्या नोव्हेंबर 2017 च्या हत्याकांडानंतर हा प्रश्न पेटला, आणि 1 सप्टेंबर 2019 पासून ती बंदीच वगळली गेली. बंदूक नको असेल तर चर्चने फलक लावायचा: ठरलेला मजकूर, इंग्रजी आणि स्पॅनिश दोन्हींत, किमान 1 इंच उंचीची ठळक अक्षरे, उठून दिसणारा रंग. नुसते बंदुकीवर फुली मारलेले चित्र पिस्तुलाचा परवाना असलेल्यावर बंधनकारक नसे. 2017 पासून चर्चच्या बिनपगारी राखणदारांना सुरक्षारक्षकाचा परवाना लागत नाही. मात्र ‘सिक्युरिटी’ लिहिलेला बिल्ला किंवा गणवेश घातला की ही सूट जाते.

बंदूक आणि चर्चची हजेरी यांची सांगड आता सैल दिसते. समाजशास्त्रज्ञ डेव्हिड यमाने यांनी 2016 मध्ये मांडलेल्या विश्लेषणात इव्हँजेलिकल (बायबलचा शब्द आणि धर्मप्रचार यांवर भर देणाऱ्या) प्रोटेस्टंटांकडे बंदूक असण्याची शक्यता जास्त आढळली, पण धार्मिक कार्यात जितका सहभाग अधिक, तितकी ती कमी.