समोर मैदान आहे की मैदानाचं आरक्षण?

"समोर ग्राउंड आहे, पुढे कधी काही येणार नाही." मुंबईत घर बघत फिरलेल्या माणसाने हे वाक्य एकदा तरी ऐकलेलं असतंच. माझ्याकडे ते दर दोन-चार महिन्यांनी कुणी ना कुणी घेऊन येतं. कधी ऑफिसातला सहकारी, कधी सासरकडचं कुणी, यंदा भाचा. मी प्रत्येकाला एकच विचारतो: ग्राउंड आहे, की ग्राउंडचं आरक्षण आहे? उत्तरही एकच येतं, "तेच की हो." तेच नाही. हा फरक न कळल्यामुळे माणसं चौरस फुटामागे जास्तीचे पैसे मोजतात आणि दहा वर्षांनी समोरच्या टॉवरमधल्या बाथरूमच्या खिडक्या बघत बसतात.

खऱ्या मैदानाविषयी थोडक्यात सांगतो, कारण ते सगळ्यांना ठाऊक आहे. मी सतरा वर्षं पालिकेच्या एका मैदानासमोर तिसऱ्या मजल्यावर राहतोय. डिसेंबर ते मे धूळ. सकाळी पुसलेल्या टीव्हीवर संध्याकाळी बोटाने नाव लिहिता येतं. शिवाजी पार्कवाल्यांचं लाल मातीचं गाऱ्हाणं पेपरात येतं, आमचं येत नाही, एवढाच फरक. रविवारी सातपासून "हॅलो, माइक टेस्टिंग". टेनिस बॉलने काच फुटत नाही, सीझन बॉलने फुटते, आणि "काका, बॉल" ही हाक दोन्हींसाठी सारख्याच निरागसपणे येते. थंडीत मालवणी जत्रोत्सव, उन्हाळ्यात अंडरआर्मच्या डे-नाइट टूर्नामेंट, निवडणुकीत सभा. निवासी भागात आवाजाची मर्यादा दिवसा ५५ डेसिबल, रात्री दहानंतर ४५. पण वर्षातले १५ दिवसांपर्यंत सरकार लाउडस्पीकरला रात्री बारापर्यंत सूट देऊ शकतं. शिवाजी पार्क हायकोर्टाने २०१० मध्ये शांतता क्षेत्रात धरलं, तरी तिथेही खेळाव्यतिरिक्तच्या कार्यक्रमांना वर्षाचे ४५ दिवस राखून ठेवलेले आहेतच. ज्याला हे झेपत नाही त्याने एक गल्ली आत घर घ्यावं. मैदान पायी तीन मिनिटांवर, आणि धूळ दुसऱ्याच्या घरात. माझं स्वतःचं मत विचाराल तर हेच. मी परत घर घेतलं तर आतल्या गल्लीतच घेईन.

मैदान आणि उद्यान यांतही लोक गोंधळतात, पण त्यात फारसं काही नाही. बागेला वेळ असते आणि माळी असतो, मैदानाला बहुतेक ठिकाणी दोन्ही नसतं. पुढे जाऊ.

भाच्याबरोबर मी पश्चिम उपनगरातल्या एका साइटवर गेलो होतो. नववा मजला, सॅम्पल फ्लॅट. विक्रीवाल्या मुलीने बाल्कनीचं सरकतं दार मोठ्या थाटात उघडलं. खाली साधारण दीड एकराचा मोकळा तुकडा. एका कोपऱ्यात पोरं विटांचे स्टंप लावून खेळत होती, दुसऱ्या कोपऱ्यात पाण्याचे दोन टँकर उभे, कुंपणाला लागून पंधरा-वीस पत्र्याच्या खोल्या. मुलगी म्हणाली, "सर, हे डीपीमध्ये प्लेग्राउंड आहे. परमनंट ओपन व्ह्यू." पहिलं वाक्य खोटं नव्हतं. डीपीत तसं होतंच.

डीपी म्हणजे शहराचा विकास आराखडा. सध्याचा '२०३४'चा, २०१८ मध्ये मंजूर झालेला. त्यात मैदान दोन प्रकारांनी दाखवलेलं असतं. आज जिथे मैदान म्हणून वापर चालू आहे ती जागा 'अस्तित्वातली सुविधा' म्हणून, आणि जिथे पुढे मैदान व्हावं असं आराखड्याला वाटतं ती जागा 'आरक्षण' म्हणून. पहिल्याच्या कोडची सुरुवात 'ई'ने होते, दुसऱ्याची 'आर'ने. ईओएस १.४ म्हणजे असलेलं खेळाचं मैदान, आरओएस १.४ म्हणजे व्हायचं असलेलं. ब्रोकरच्या मोबाइलवरच्या स्क्रीनशॉटमध्ये दोन्हीकडे नुसता हिरवा चौकोन दिसतो. सगळी गंमत त्या एका अक्षरात आहे, आणि ते अक्षर वाचायला कुणी थांबत नाही.

मी त्या मुलीकडे डीपी रिमार्क मागितला. प्रत्येक प्रोजेक्टच्या फायलीत हा कागद असतोच. त्यात आपल्या भूखंडावर काय आहे ते तर लिहिलेलं असतंच, पण खाली दोन ओळी अशा असतात ज्या गिऱ्हाईक वाचतच नाही: 'रिझर्व्हेशन अबटिंग द लँड' आणि 'एक्झिस्टिंग अमेनिटीज अबटिंग द लँड'. म्हणजे जमिनीला लागून आरक्षण काय, आणि लागून असलेली सुविधा काय. भाच्याने बोट फिरवत वाचलं. पहिल्या ओळीत आरओएस १.४. दुसऱ्या ओळीत काहीच नाही.

"मामा, म्हणजे ग्राउंडच ना?"

"ग्राउंड व्हायचंय."

"पण आरक्षण आहे म्हणजे कुणी बांधू तर शकत नाही."

इथेच नव्वद टक्के लोक अडकतात, म्हणून जरा सावकाश घेतो. आरक्षण पडलं म्हणून जमीन पालिकेची होत नाही. ती मूळ मालकाचीच राहते. पालिकेने ती संपादित करायची असते, पैसे देऊन किंवा टीडीआर, म्हणजे दुसरीकडे वापरता येणारा बांधकामाचा हक्क देऊन. तोवर मालक मनासारखं बांधू शकत नाही आणि पालिका मैदान करू शकत नाही, म्हणून जागा मोकळी दिसते. आपल्याला दिसतो तो 'ओपन व्ह्यू' बऱ्याचदा अशाच एका अडलेल्या व्यवहाराचा असतो. तो व्यवहार एक दिवस सुटतो. कुठल्या बाजूने सुटेल ते फ्लॅट घेणाऱ्याच्या हातात नसतं.

एमआरटीपी, म्हणजे राज्याच्या नगररचना कायद्याचं कलम १२७ वाचून बघा, छोटंच आहे. आराखडा लागू झाल्यापासून १० वर्षांत जमीन घेतली नाही तर मालक पालिकेला खरेदीची नोटीस देऊ शकतो. नोटिशीनंतर २४ महिन्यांत संपादनाची पावलं पडली नाहीत तर आरक्षण व्यपगत होतं. व्यपगत म्हणजे गेलं. आणि मग त्या जमिनीवर काय करता येतं? कायदा म्हणतो, लगतच्या जमिनीवर आराखड्यानुसार जे करता येतं ते. लगतची जमीन कुठली? तुमच्या बिल्डिंगची! तुमच्या जमिनीवर तेवीस मजले चढत असतील तर समोरच्यालाही तोच दरवाजा उघडतो. २०१८ च्या आराखड्यात नव्याने पडलेल्या आरक्षणांची १० वर्षं २०२८ मध्ये भरतात. आज बुकिंग करणाऱ्याला ताबा मिळेपर्यंत ते साल उजाडलेलं असेल.

आता त्या पत्र्याच्या खोल्या. भाच्याला त्या 'हटतील' असं सांगण्यात आलं होतं. हटतील, पण कुठे जातील? मोकळ्या जागेच्या आरक्षणावर झोपडपट्टी असेल तर डीसीपीआर २०३४, म्हणजे आराखड्याबरोबरच्या बांधकाम नियमावलीप्रमाणे तिथे एसआरए, म्हणजे झोपडपट्टी पुनर्वसन योजना होऊ शकते, मुख्य अट ही की किमान ३५ टक्के जागा मोकळी सोडायची. अशा तरतुदीविरुद्धची लढाई हायकोर्टात दोन दशकांहून जास्त चालली आणि जून २०२५ मध्ये कोर्टाने तरतूद कायम ठेवली. झोपडीत राहणाऱ्यांना हक्काचं घर मिळावं, याबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार त्या ब्रोशरबद्दल आहे. ६५ टक्क्यांवर पुनर्वसनाची आणि विक्रीची इमारत येऊ शकत असेल, तर उरलेल्या ३५ टक्क्यांसाठी आख्ख्या मैदानाच्या व्ह्यूचे पैसे का मोजायचे?

याउलट 'ई'वालं मैदान. ते कायम राहीलच असं मीही लिहून देणार नाही. आराखड्यात बदल करता येतो, पण कलम ३७ खाली नोटीस निघते, महिनाभर हरकती-सूचना येतात, मग सरकारची मंजुरी. एवढ्यात आजूबाजूचे लोक जागे होतात. मुंबईत मैदानांसाठी लोक कोर्टापर्यंत जातातच. जमिनीच्या पोटात काही आलं तरी वरचं मैदान बहुधा टिकतं. पावसात हिंदमाता परिसरात तुंबणारं पाणी साठवायला परळच्या सेंट झेवियर्स मैदानाखाली टाकी बांधली, तेव्हा कामापुरते पत्रे लागले, पण वर मैदानच आहे. एक खाच मात्र लक्षात ठेवा: 'ई' म्हणजे सार्वजनिक असं नाही. शाळेचं, ट्रस्टचं, जिमखान्याचं मैदानही 'अस्तित्वातलं' असू शकतं. बाल्कनीतून दिसेल, पण तुमच्या पोराला आत सोडायचं की नाही हे वॉचमन ठरवेल.

आरजीचा, म्हणजे 'रिक्रिएशन ग्राउंड'चा घोळ वेगळाच. मोठ्या लेआउटमध्ये नियमाप्रमाणे भूखंडाच्या आकारानुसार १५, २० किंवा २५ टक्के जागा मोकळी सोडावी लागते. ती लेआउटमधल्या लोकांची. मैदानही नव्हे, आरक्षणही नव्हे. पुनर्विकासात आरजी लेआउटच्या आतल्या आत सरकवली जाते, म्हणजे आज तुमच्यासमोर असलेली उद्या मागच्या विंगसमोर. "समोर आरजी आहे" असं कुणी सांगितलं तर शांतपणे मंजूर लेआउट मागा. महारेराच्या साइटवर प्रोजेक्टच्या कागदांत बहुतेक वेळा मिळतो.

शेवटी हे तपासायचं कसं? मला सर्वांत राग याचाच येतो, की हे अवघड नाहीच. पन्नास लाखांचं कर्ज काढणारा माणूस फरशीचा रंग चार रविवार निवडतो आणि समोरच्या जमिनीसाठी अर्धा तास देत नाही. आपल्या प्लॉटचा नव्हे, समोरच्या तुकड्याचा क्रमांक मिळवा: उपनगरात सीटीएस नंबर, शहरात सीएस नंबर. पालिकेच्या साइटवरून त्या क्रमांकाचा डीपी रिमार्क काढा. मग त्याचं प्रॉपर्टी कार्ड काढा आणि धारकाच्या रकान्यात कुणाचं नाव आहे ते बघा. रिमार्कवर 'ई' आणि कार्डावर पालिका, असं दोन्ही जुळलं तर धूळ आणि लाउडस्पीकर सोसायची तयारी ठेवून खुशाल घ्या. 'आर' आणि खाजगी नाव असेल तर घर घ्यायला हरकत नाही, पण समोर भिंत आहे असं धरून भाव ठरवा. 'फेसिंग'च्या नावाखाली जी रक्कम लावलेली असते ती काढायला लावा. आरक्षणासाठी मी एक रुपयाही जास्त देणार नाही.

भाच्याने हे सांगितल्यावर साइटवरच्या मॅनेजरने व्ह्यूचे पैसे निम्मे केले, म्हणजे त्यालाही ठाऊक होतं. घराचं अजून ठरलेलं नाही. गेल्या आठवड्यात समोरच्या तुकड्याचं प्रॉपर्टी कार्ड हाती आलं. धारक म्हणून चार भाऊ. त्यातल्या दोघांच्या नावापुढे 'मयत', आणि खाली अकरा वारसांची नोंद, तीही यंदाचीच.