देवळाचं वय पोवळ्याच्या टोकात

'कार्बन टेस्ट करा, वय कळेल' असं आपल्याकडे दगडी मूर्तीबद्दलही ठासून सांगितलं जातं. दगडाची कार्बन टेस्ट होत नाही. ती एके काळी जिवंत असलेल्या वस्तूची होते. आणि तिथेही फसायला भरपूर वाव असतो.

हवाईतल्या माउई बेटावर, हालेआकाला ज्वालामुखीच्या कोरड्या उतारावर काहिकिनुई नावाचा प्रदेश आहे. तिथे लाव्हाचे दगड नुसतेच रचून बांधलेली जुनी देवळं आहेत, त्यांना हेइआऊ म्हणतात. तिथला कोळसा तपासायचा, तर लाकूड जुन्या झाडाच्या गाभ्यातलं किंवा उत्तर अमेरिकेहून वाहत आलेल्या ओंडक्याचं असू शकतं. मग आग पेटली त्याच्या शेकडो वर्षं आधीची तारीख हाती येते. कोवळी काटकी निवडली, तरी इ.स. १४८० ते १६४० च्या दरम्यान कार्बनच्या मोजणीवरून वर्ष काढायचा आलेख चढउतार करत तिथल्या तिथेच घुटमळतो, त्यामुळे उत्तर दीडशे वर्षांच्या पट्ट्यात लोळत राहतं.

पुरातत्त्वज्ञ पॅट्रिक कर्च आणि खडकांची वयं मोजणारे वॉरन शार्प यांनी २००५ मध्ये वेगळाच साक्षीदार गाठला: देवाला वाहिलेली पोवळ्याची फांदी.

समुद्राच्या पाण्यात युरेनियम विरघळतं, थोरियम जवळजवळ विरघळतच नाही. त्यामुळे वाढतं पोवळं दर ग्रॅममागे सुमारे ३ मायक्रोग्रॅम युरेनियम सांगाड्यात घेतं. थोरियमचं खातं मात्र शून्यावर उघडतं. मग युरेनियम-२३४ चा (अर्धायुष्य सुमारे २,४५,००० वर्षं) क्षय होऊन थोरियम-२३० साचू लागतं. चारशे वर्षांनी एका ग्रॅम पोवळ्यात ते किती? ग्रॅमचा साधारण पाच लाख कोटीवा भाग. मास स्पेक्ट्रोमीटर (अणू वजनानुसार वेगळे करून मोजणारं यंत्र) तेवढंही मोजतो, आणि वयातली चूक काही वर्षांवर येते.

मात्र नमुना निवडताना डोळे उघडे हवेत. फांदीवरचे बारीक चामखिळीसारखे उंचवटे तीक्ष्ण असतील, तर ती जिवंतपणी तोडलेली. झिजून गुळगुळीत झाली असेल, तर किनाऱ्यावरून उचललेली, कधी मेली कोण जाणे. ती बाद. तुकडा टोकाचाच घ्यायचा, कारण शेवटची वाढ तिथली. मातीतून थोरियम शिरलं असेल, तर सोबत आलेलं, युरेनियमच्या क्षयातून न बनणारं थोरियम-२३२ चुगली करतं. तेवढी वजाबाकी करावी लागते.

निष्कर्ष असा, की ही देवळं शतकानुशतकं हळूहळू नव्हे, तर १६०० च्या आसपास साठेक वर्षांतच उभी राहिली. यात भिंतीच्या पोटात चिणलेल्या पोवळ्याचं मोल अधिक. चौथऱ्यावर ठेवलेली फांदी कुणी नंतरही वाहिलेली असू शकते; भिंतीतली मात्र बांधकामाच्या वेळीच आत गेलेली असते.